पिंपात बसून ऐकलेले बोलणे

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या कोल्हापुरापासून समुद्र फार लांब नाही. गगनबावड्याचा घाट उतरून कोकणात गेले की विजयदुर्गाच्या तटाला भिडणाऱ्या लाटा पाहता येतात. तरीही पंचगंगेकाठी वाढलेल्या मुलाला जहाजावरचे जगणे भेटते ते बहुधा पुस्तकातूनच, आणि त्या भेटीसाठी रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांच्या ‘ट्रेझर आयलंड’इतकी चांगली कादंबरी मला तरी दुसरी ठाऊक नाही.

या कादंबरीचे मूळ एका नकाशात आहे. १८८१ साली स्कॉटलंडमधील ब्रेमर या गावी, पावसापाण्याच्या दिवसांत, स्टीव्हन्सन यांनी लॉइड या आपल्या सावत्र मुलाच्या संगतीने एका काल्पनिक बेटाचा नकाशा रंगवला आणि त्यातूनच त्यांना गोष्ट सुचली. लिहिलेले प्रकरण ते घरच्यांना वाचून दाखवत. त्यांचे वडील दीपगृहे बांधणारे नामांकित अभियंते होते; पण तेही गोष्टीत इतके रंगले की बिली बोन्स या म्हाताऱ्या खलाशाच्या पेटीत काय काय सापडावे, याची यादी त्यांनी स्वतः करून दिली. पुढे ही गोष्ट ‘यंग फोक्स’ या मुलांच्या साप्ताहिकात टोपणनावाने क्रमशः छापली गेली आणि १८८३ मध्ये तिचे पुस्तक झाले.

खजिना, चाचे, बंड हे सारे यात आहेच. पण मला या कादंबरीचे मोठेपण दिसते ते लाँग जॉन सिल्व्हर या एका पायाच्या माणसात. जहाजावर तो आचारी म्हणून येतो. कुबडीच्या आधाराने तो चपळाईने वावरतो, त्याचे स्वयंपाकघर लख्ख असते, त्याचा पोपट बोलतो, आणि जिम हॉकिन्स या पोरसवदा नायकाशी तो इतक्या मायेने वागतो की जिमप्रमाणे वाचकही त्याच्यावर लोभ करू लागतो.

मग दहाव्या प्रकरणाचा शेवट आणि अकरावे प्रकरण येते. बेट जवळ आलेले असते. संध्याकाळी जिमला सफरचंद खावेसे वाटते, म्हणून तो डेकवरच्या पिंपात उतरतो. पिंप जवळजवळ रिकामे असते आणि जहाजाच्या डुलण्याने त्याला आतच पेंग येऊ लागते. तेवढ्यात कोणीतरी पिंपाला पाठ टेकून बसते. तो आवाज सिल्व्हरचा असतो. तो एका तरुण खलाशाला बंडात ओढत असतो, आणि त्यासाठी ज्या शब्दांनी त्याने जिमची तारीफ केली होती, तेच शब्द तो आता त्या खलाशासाठी वापरतो. कटापेक्षाही हा घाव जिमच्या जिव्हारी लागतो. आपल्या वाट्याला आलेली माया कोणालाही वाटता येण्याजोगी होती, हे मुलाला असे कानांनी कळावे, यात लेखकाची किती मोठी जाण आहे! पुढे तोच सिल्व्हर, बंडाला नकार देणाऱ्या टॉमला कुबडी फेकून पाडतो आणि सुऱ्याने संपवतो. जिम ते झाडीआडून पाहतो.

आणि तरीही, बंडखोरांच्या हाती सापडल्यावर याच सिल्व्हरला ‘पळणार नाही’ असा दिलेला शब्द जिम पाळतो. जिमच्या बाजूचे डॉक्टर लिव्हसी त्याला कुंपणावरून उडी मारायला सांगतात, सुटका हाताच्या अंतरावर असते, पण तो नकार देतो. समोरचा माणूस शब्दाचा किती पक्का आहे, याचा हिशेब तो करत नाही. सिल्व्हर मात्र शेवटी नाण्यांची एक पिशवी उचलून पसार होतो. स्टीव्हन्सन त्याला शिक्षाही करत नाहीत आणि माफही करत नाहीत.

पालकांना माझी विनंती आहे की ही गोष्ट मुलांना मोठ्याने वाचून दाखवा. प्रकरणे चौतीस आहेत, आणि बहुतेक प्रकरणांच्या शेवटी ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. शिडाच्या दोराचे एखादे नाव कळले नाही तर थांबू नका. मात्र सोळा ते अठरा ही तीन प्रकरणे जिम सांगत नाही, डॉक्टर सांगतात, हे मुलांना आधी सांगून ठेवा. आणि संक्षिप्त आवृत्ती घेणार असाल, तर विकत घेण्यापूर्वी सफरचंदाच्या पिंपाचे प्रकरण उघडून पाहा. तारीफेचे ते जुनेच शब्द जिमला पुन्हा ऐकू येतात ते वाक्य त्यात नसेल, तर दुसरी आवृत्ती शोधा.