पिन बसली तरी व्होल्ट जुळतातच असे नाही

[दृश्य : दुकानाचे काउंटर, त्यावर उघडा लॅपटॉप, बाजूला वायर गुंडाळलेला अडॅप्टर]

दुरुस्त करून पुन्हा विक्रीला ठेवलेला लॅपटॉप घेताना ग्राहक पडद्यावर ओरखडे आहेत का ते पाहतो, कीबोर्डचे एकेक बटण दाबून पाहतो, रॅम किती आणि किंमत किती याची चार दुकानांत चौकशी करतो. अडॅप्टर मात्र तो न पाहताच पिशवीत टाकतो. या माहितीपटाची सुरुवात आपण त्या अडॅप्टरपासून करणार आहोत, कारण रिफर्बिश्ड वस्तूंच्या व्यवहारात पहिली ताटातूट होते ती यंत्राची आणि त्याच्या स्वतःच्या अडॅप्टरची.

सांगली, विश्रामबाग आणि मिरज या पट्ट्यात अभियांत्रिकीपासून वैद्यकीयपर्यंतची महाविद्यालये आहेत. मुलाला किंवा मुलीला प्रवेश मिळाला की घरात लॅपटॉपचा विषय निघतो आणि नव्या यंत्राची किंमत ऐकल्यावर अनेक पालक वापरलेल्या यंत्रांची चौकशी करू लागतात. त्यात गैर काहीच नाही. चांगले दुरुस्त केलेले यंत्र आणखी काही वर्षे चालते, पैसे वाचवते आणि कचऱ्यात जाण्यापासून वाचते. या बाजारातला मोठा माल मोठ्या शहरांतील कार्यालयांतून येतो. कंपन्या भाडेकराराने घेतलेले संगणक ठरलेल्या मुदतीनंतर परत करतात, ते गठ्ठ्याने विकले जातात, आणि या प्रवासात यंत्रे एका ढिगात आणि अडॅप्टर दुसऱ्या ढिगात जाऊ शकतात. पुढे त्यांची जोडी पुन्हा लावताना पिन जॅकमध्ये बसते का, एवढेच पाहिले गेले तर नुकसानीची तयारी तिथेच पूर्ण होते.

[दृश्य : तीन अडॅप्टरांची लेबले जवळून]

पडद्यावरील तिन्ही अडॅप्टरांच्या गोल पिना एकाच मापाच्या दिसतात. पहिला वायफाय राउटरचा आहे आणि तो १२ व्होल्ट देतो. दुसरा लॅपटॉपचा आहे, तो १९ व्होल्ट देतो. तिसरा ९ व्होल्टचा असून तो संगीताच्या एका साधनाबरोबर आलेला आहे. लेबलवर ‘आउटपुट’ या शब्दापुढे लिहिलेला व्होल्टचा आकडा यंत्रावरील आकड्याशी जुळलाच पाहिजे. अँपिअरचे गणित मात्र वेगळे आहे. व्होल्ट अडॅप्टर ठरवतो, प्रवाह यंत्र आपल्या गरजेपुरता ओढते. म्हणून अडॅप्टरवरील अँपिअरचा आकडा यंत्राच्या मागणीइतका किंवा त्याहून मोठा असला तरी चालतो, लहान असला तर अडॅप्टर तापतो, मध्येच बंद पडतो किंवा लॅपटॉप अतिशय मंद चार्ज होतो. अधिक अँपिअरच्या अडॅप्टरने यंत्र जळते, हा गैरसमज आपल्याकडे पक्का आहे, आणि त्या भीतीपोटी लोक नेमका कमी क्षमतेचा अडॅप्टर निवडतात.

लेबलवर आणखी एक लहानशी आकृती असते आणि तिच्याकडे फार थोडे लोक पाहतात. मध्ये एक ठिपका, भोवती अर्धवर्तुळ, आणि दोन्ही बाजूंना अधिक व उणे ही चिन्हे. पिनेचा आतला भाग धन आहे की ऋण, हे ती आकृती सांगते. बहुतेक घरगुती उपकरणांत आतला भाग धन असतो. परंतु गिटारला जोडण्याचे बहुतेक इफेक्ट पेडल आणि काही जुने इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड यांच्यात तो ऋण असतो. मिरजेसारख्या वाद्यांच्या गावात वापरलेला कीबोर्ड घेणारे विद्यार्थी अनेक असतील. त्यांनी घरातला दुसरा कोणताही ९ व्होल्टचा अडॅप्टर लावण्यापूर्वी ही आकृती अवश्य पाहावी. ध्रुव उलटे लागले की यंत्रातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधील, म्हणजे वीज साठवणाऱ्या नळकांड्यासारख्या भागातील, ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पातळ थर मोडतो, आत वायू तयार होतो, आणि कपॅसिटर फुगून फुटतो. ज्या यंत्रात संरक्षक डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, बसवलेला असतो, ते अशा वेळी वाचू शकते. पण तो डायोड आहे की नाही हे बाहेरून कळत नाही.

काही लॅपटॉपांच्या जाड गोल पिनेत मधोमध आणखी एक बारीक पिन असते. तिच्याद्वारे लॅपटॉप अडॅप्टरची ओळख आणि क्षमता विचारून घेतो. ही पिन वाकलेली असेल किंवा स्वस्त पर्यायी अडॅप्टरमध्ये ती निकामी असेल, तर लॅपटॉप चालू होतो, पण बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसर मुद्दाम मंद चालवला जातो. दुकानात दोन मिनिटे पाहून हा दोष लक्षात येत नाही. घरी आल्यावर ‘लॅपटॉप हँग होतो’ अशी तक्रार सुरू होते आणि दोष विंडोजवर ढकलला जातो. अडॅप्टरवर भारतीय मानक ब्युरोच्या नोंदणीचा, ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो. ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये तो घालून पडताळता येतो.

[दृश्य : परदेशी चपट्या पिनेचा ॲम्प्लिफायर, त्याला लावलेली कन्व्हर्टर पिन]

आता भिंतीवरच्या सॉकेटकडे येऊ. भारतात घरगुती वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची आहे. अमेरिकेत ती १२० व्होल्ट व ६० हर्ट्झची, तर जपानमध्ये १०० व्होल्टची आहे. परदेशातून आलेला वापरलेला ॲम्प्लिफायर, प्रिंटर किंवा कॉफी यंत्र चपट्या पिनांचे असते, आणि बाजारात काही रुपयांना मिळणारी कन्व्हर्टर पिन लावली की ते आपल्या बोर्डात बसते. ही पिन केवळ आकार बदलते. व्होल्ट जसेच्या तसे राहतात. उष्णता देणाऱ्या उपकरणाला १२० च्या जागी २३० व्होल्ट मिळाले तर त्यातील शक्ती दुप्पट नव्हे, साडेतीन पटींहून अधिक होते, कारण ती व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. जुन्या ॲम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर अशा वेळी संपृक्त होऊन, म्हणजे त्याच्या गाभ्याची चुंबकीय मर्यादा संपून, बेसुमार प्रवाह ओढतो, आणि फ्यूज वेळेवर उडाला नाही तर त्याची गुंडाळीच जळते. अमेरिकेतून आणलेला सर्ज प्रोटेक्टरचा, म्हणजे व्होल्ट अचानक वाढल्यास उपकरणे वाचवणारा, एक्स्टेंशन बोर्डसुद्धा आपल्याकडे धोकादायक आहे. त्यातील संरक्षक घटक २३० व्होल्टला सतत वीज वाहू देतो आणि पेट घेऊ शकतो. लॅपटॉपच्या अडॅप्टरवर ‘इनपुट १०० ते २४० व्होल्ट’ असे छापलेले असते, म्हणून तो कुठेही चालतो. तो अनुभव बाकीच्या यंत्रांना लावू नये.

तीन पिनांच्या प्लगची वरची जाड पिन अर्थिंगची असते, आणि प्लग आत जाताना तिचा संपर्क सर्वांत आधी व्हावा म्हणून ती लांब ठेवलेली असते. दोन छिद्रांच्या बोर्डात बसावा म्हणून ती पिन कापून टाकलेला प्लग दिसला, तर वायर बदलून घेतल्याशिवाय ते यंत्र वापरू नये. धातूच्या आवरणाच्या लॅपटॉपला हात लावताच झिणझिण्या येतात, त्याचे कारणही पुष्कळदा तुटलेले अर्थिंग हेच असते.

[दृश्य : उघडलेला डेस्कटॉप, एसएमपीएसच्या केबल]

सर्वांत महागडे नुकसान डेस्कटॉपच्या आत होते. तेथील पॉवर सप्लाय, ज्याला दुकानदार एसएमपीएस म्हणतात, अनेकदा सुट्या केबलींचा असतो. केबलचे हार्ड डिस्ककडील टोक सर्व कंपन्यांचे एकसारखे असते, कारण त्याचे मानक ठरलेले आहे. एसएमपीएसकडील टोकाला मात्र कोणतेही सामाईक मानक नाही. दोन कंपन्यांची टोके एकमेकांत सहज बसतात, क्लिप वाजते, आणि आत तारांचा क्रम वेगळाच असतो. रिफर्बिश्ड संगणकात जुना एसएमपीएस काढून दुसऱ्या कंपनीचा बसवला आणि केबल तीच ठेवली, तर हार्ड डिस्कच्या ५ व्होल्टच्या तारेवर १२ व्होल्ट येऊ शकतात. बटण दाबताक्षणी डिस्क मरते. डिस्कपेक्षा तिच्यातील माहिती मोलाची असते. दुकानाची उधारी, मुलांचे फोटो, प्रबंधाचा मसुदा. अशा वेळी घाईने डिस्क फेकू नये. सर्किटवरील संरक्षक डायोडने स्वतः शॉर्ट होऊन पुढचा भाग वाचवलेला असण्याची शक्यता असते, आणि जाणकार तंत्रज्ञ तो डायोड काढून माहिती परत मिळवू शकतो.

जुनी चार पिनांची प्लॅस्टिकची जोडणी जोर लावून उलटी बसवली, तर पिवळ्या तारेचे १२ आणि लाल तारेचे ५ व्होल्ट यांची अदलाबदल होते. तिच्या दोन कडा तिरप्या कापलेल्या असतात त्या याचसाठी.

टाइप-सी आल्यावर हा प्रश्न संपला, असे अनेकांना वाटते. गूगलचे अभियंता बेन्सन ल्युंग बाजारातील टाइप-सी केबल तपासून पाहत असत. २०१६ मध्ये एका केबलने त्यांचा लॅपटॉप आणि तपासणीची उपकरणे निकामी केली, कारण त्या केबलच्या आत वीज आणणारी तार व ग्राउंडची तार यांची अदलाबदल झालेली होती. सदोष केबल डोळ्यांनी ओळखता येत नाही, म्हणून लॅपटॉपबरोबर फुकट दिलेल्या बिननावाच्या केबलवर विसंबू नये.

[दृश्य : लॅपटॉपचा पडदा, माहितीचे पान]

यंत्राच्या बाबतीत फसगत होते ती मुख्यतः अर्धवट माहितीमुळे. ‘आय-५ प्रोसेसर’ एवढे सांगणे पुरेसे नसते. आय-५ ७२००यू हा सातव्या पिढीचा आहे आणि आय-५ ८२५०यू हा आठव्या. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने इंटेलच्या प्रोसेसरांची अट साधारणपणे आठव्या पिढीपासून ठेवली आहे, आणि विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. जुन्या पिढीचा लॅपटॉप स्वस्त का मिळतो, याचे एक उत्तर यात आहे. दुसरी अडचण कंपनीच्या कुलपाची. कार्यालयातून आलेले यंत्र मूळ मालकाच्या व्यवस्थापन प्रणालीत नोंदलेले राहिले असेल, तर पुढे कधी रीसेट करून इंटरनेटला जोडताच ते त्या कंपनीचे लॉगिन मागते आणि तिथेच थांबते. त्यामुळे रीसेट दुकानातच, समोर करून घ्यावे आणि वायफाय जोडून पाहावे. बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्जची क्षमता हे दोन्ही आकडे विंडोजच्या बॅटरी अहवालात मिळतात. टचपॅड वर उचलला गेला असेल, तर बॅटरी फुगली आहे. ते यंत्र घेऊच नये.

मोबाइल घेताना स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश या कळा दाबून मिळणारा १५ अंकी आयएमईआय क्रमांक, म्हणजे त्या फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, ‘केवायएम’ या अक्षरांपुढे लिहून १४४२२ वर संदेश पाठवावा. तो फोन काळ्या यादीत असेल तर तसे उत्तर येते.

[दृश्य : आयर्विन पूल, कृष्णेचे पात्र]

सांगलीकरांना आणखी एका गोष्टीची काळजी घ्यावी लागते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला, आणि दोन्ही वेळा बाजारपेठेत व घराघरांत पाणी शिरले. पुराचे पाणी गाळ आणि क्षार घेऊन येते. भिजलेले यंत्र वाळवून चालू होते, काही महिने चालतेही, परंतु चिपांच्या खाली अडकलेला ओलावा व क्षार तांब्याचे मार्ग हळूहळू खात राहतात. बाहेरून चकचकीत पुसलेल्या यंत्राचेही स्क्रू, यूएसबीच्या तोंडाचा धातू आणि पंख्याची जाळी बारकाईने पाहावी. तेथे गंज किंवा मातीची रेघ सापडते. अनेक फोन आणि लॅपटॉपांत पांढरे ओलावादर्शक स्टिकर असते, ते पाणी लागल्यावर लाल किंवा गुलाबी होते. स्वतःचे यंत्र भिजले असेल, तर चालते का हे पाहण्यासाठी प्लग लावू नये. ओल्या सर्किटमधून वीज गेली की गंजण्याची क्रिया कित्येक पटींनी वेगाने होते.

[दृश्य : छापील बिल, त्यावर लिहिणारा हात]

‘ए ग्रेड’, ‘बी ग्रेड’ या शिक्क्यांना सर्वांना बांधणारे मानक नाही, प्रत्येक विक्रेता ते आपल्या अंदाजाने लावतो. २०२२ च्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार रिफर्बिशरने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करणे आवश्यक आहे, तेव्हा मोठी खरेदी करताना ती विचारावी. बिलावर ‘रिफर्बिश्ड’ हा शब्द, यंत्राचा अनुक्रमांक, अडॅप्टरचे व्होल्ट व अँपिअर आणि हमीची मुदत लिहून घ्यावी. विक्रेत्याने दिलेल्याच अडॅप्टरने यंत्र जळले, हे पुढे दाखवायचे असेल तर ही नोंद उपयोगी पडते. विक्रेता दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, मात्र ती कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत दाखल करावी लागते.