चवळी का शिजत नाही? येसरच्या आमटीच्या निमित्तानं

मंडळी, कुकरच्या सहा शिट्ट्या होऊनही चवळी दाताखाली कचकच लागली की आपण दुकानदाराला बोल लावतो. कधी त्याची चूक असतेही. दोन उन्हाळे पोत्यात काढलेलं कडधान्य कितीही भिजवा, नीट मऊ होत नाही. पण मराठवाड्यात पहिला संशय पाण्यावर घ्यावा. खोल बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. पातेल्याला आतून पांढरा थर धरत असेल तर ओळखा. त्यातलं कॅल्शियम नि मॅग्नेशियम दाण्यातल्या पेक्टिनला (पेशींना एकत्र धरून ठेवणाऱ्या चिकट पदार्थाला) घट्ट बांधून ठेवतं, मग गॅस कितीही जाळा.

यावर स्वस्त उपाय मिठाचा. ‘मीठ घातलं की दाणा ताठरतो’ असं घरोघरी सांगतात, ते खरं नाही. मिठातलं सोडियम कॅल्शियमची जागा घेतं आणि साल सैल होते. पाच जणांसाठी 250 ग्रॅम चवळी घ्या. एक लिटर पाण्यात दोन चहाचे चमचे मीठ विरघळवा, त्यात ती आठ तास भिजवा, पाणी काढून धुवा. वजन साधारण दुप्पट होतं. एप्रिल-मे महिन्यात पाणी मधे एकदा बदलावं, नाहीतर फेस येऊन आंबूस वास सुटतो. (हे खारं पाणी तुळशीला घालू नका.) भिजवायला नि शिजवायला जारचं पाणी वापरता आलं तर उत्तमच. नसेल तर बोअरचं पाणी दहा मिनिटं उकळून, निवून, वरचं निथळून घ्या. काही क्षार तळाशी बसतात. सोडा मात्र चिमटीच्या वर नको. दाण्याचा लगदा होतो, साबणासारखी चव येते आणि ब जीवनसत्त्व जातं.

कुकरमध्ये चवळीवर बोटभर पाणी, तीन शिट्ट्या, वाफ आपोआप जिरू द्या. दाणा दोन बोटांत चेपला की काम झालं. कणी लागली तर आणखी एक शिट्टी. हुलगे करायचे तर भिजवणं बारा तास आणि शिट्ट्या दुप्पट.

आमटीसाठी कढईत तीन मोठे चमचे तेल, मोहरी, ठेचलेला लसूण दहा पाकळ्या, बारीक चिरलेले दोन कांदे. कांदा तांबूस झाला की आच बंद करून दोन चमचे काळा मसाला घाला आणि लगेच थोडं पाणी. तापल्या तेलात कोरडा मसाला जळतो आणि आमटी कडवट होते. मग शेवग्याच्या दोन शेंगांचे तुकडे, पाच मिनिटांनी 200 ग्रॅम वांगी, नंतर चवळी तिच्या पाण्यासकट. वांगी कुकरमध्ये घालू नयेत, ती विरघळतात.

आता येसर. भाजलेले गहू, हरभरा डाळ, धने, जिरे नि मिरची यांचं हे पीठ आपल्या लग्नातल्या पंगतीचं, पण रोजच्या आमटीलाही तेच दाटपणा देतं. तीन पोह्याचे चमचे येसर वाटीभर गार पाण्यात कालवूनच सोडा. उकळत्या आमटीत कोरडं टाकलं की वरचा पिष्टाचा थर लगेच फुगतो आणि आतलं कोरडं राहतं, त्याच गुठळ्या. दहा मिनिटं ढवळत उकळा. निवल्यावर ती आणखी दाटते, म्हणून आच बंद करताना भाकरी बुडवायला लागते त्याहून पातळ ठेवा.

सुपारीएवढ्या चिंचेचा कोळ अगदी शेवटी, वांगी-शेवगा मऊ झाल्यावर. आंबटानं पेक्टिन विरघळायचं थांबतं. टोमॅटोचंही तेच. आधी घातलं तर अर्धा तास उकळूनही भाजी कच्ची राहील. मीठ चाखून घाला, कारण भिजवतानाचं थोडं आत गेलेलं असतं.

250 ग्रॅम कोरड्या चवळीत साधारण 60 ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे माणशी बारा. ज्वारीत लायसिन (प्रथिनांचा एक आवश्यक घटक) कमी, चवळीत भरपूर, त्यामुळे भाकरीशी तिची जोडी जुळते. ताटात भाकरी कुस्करून, वर आमटी, बाजूला हातानं फोडलेला कांदा. उरलेली दुसऱ्या दिवशी घट्ट झाली तर गरम पाणी घालून एक उकळी काढा. गार पाण्यानं ती फुटल्यासारखी दिसते.