बादलीतला घेवडा

नमस्कार श्रोतेहो. पाऊस ओसरलाय, दसरा तोंडावर आलाय. गच्चीत किंवा गॅलरीत चार-पाच तास ऊन येत असेल, तर शेंगभाजी लावायला याच्यापेक्षा चांगले दिवस नाहीत. आज आपण बोलणार आहोत तळाशी पाण्याचा साठा असलेल्या कुंडीबद्दल, आणि तिच्यात कोणती शेंग लावावी याबद्दल.

ही कुंडी घरीच होते. 20 लिटरची बादली घ्या, शक्यतो खाद्यपदार्थांची. रंगाची किंवा रसायनाची नको. तळापासून पाचेक इंचांवर भोकं पाडलेली प्लॅस्टिकची चकती बसवा, तिला खालून दोन-तीन उपड्या डब्यांचा आधार द्या. चकतीच्या मधोमध एक सच्छिद्र पेला खाली बुडापर्यंत सोडा आणि तो कुंडीत भरायच्याच ओल्या मिश्रणानं गच्च भरा, ते कसलं ते पुढे येईलच. समईतली वात तेल ओढते, तसं हा पेला खालचं पाणी वर ओढतो. पाणी भरायला कडेनं एक पाइप उभा करा. आता सगळ्यात महत्त्वाचं: बादलीच्या बाजूला, चकतीच्या इंचभर खाली, एक भोक पाडा. जास्तीचं पाणी तिथून बाहेर जाईल, म्हणजे पाणी आणि चकती यांच्यामध्ये हवेचा थर कायम राहील.

पाण्याचा साठा सगळ्यांच्या लक्षात राहतो, हे भोक मात्र राहून जातं. आणि शेंगवर्गीय पिकाला तर हवा फार लागते. या झाडांच्या मुळांवर बारीक गाठी धरतात, त्यांत रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात आणि हवेतला नत्र झाडाला मिळवून देतात. मुळं पाण्यात बुडून राहिली की गाठींचं काम मंदावतं, पानं पिवळी पडतात. मग आपल्याला वाटतं खत कमी पडलं, आणि आपण आणखी खत घालतो. त्या झाडाला खरं तर श्वास हवा असतो.

म्हणून या बादलीत काळी माती भरू नका. ती फुगते, चिकटते, हवा कोंडते. दोन भाग कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, एक भाग चांगलं कुजलेलं कंपोस्ट आणि मूठ-दोन मूठ पर्लाइट, म्हणजे पांढरे हलके खनिज दाणे, एवढं पुरे. कोकोपीट मात्र दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्या. त्यात क्षार असू शकतात, आणि घेवड्याला क्षार अजिबात सोसत नाहीत.

आता शेंग कोणती? माझी पहिली पसंती बुटक्या श्रावण घेवड्याला, म्हणजे फरसबीला. अर्का कोमल किंवा कंटेंडर ही जात घ्या. झाड दीड-दोन फुटांचं, मांडव लागत नाही. मुळं फार खोल जात नाहीत आणि फुलोऱ्यात पाण्याचा ताण पडला की फुलं गळतात, त्यामुळे खालून सतत मिळणारा ओलावा त्याला मानवतो. उन्हाळा तापला की मात्र त्याची फुलं टिकत नाहीत. तेव्हा चवळी लावा, ती उष्णता सहज सोसते.

गवार या बादलीत लावू नका. ती कोरड्यात रमणारी. रायगडचा कडवा वालही नको. भात कापल्यावर खाचरात उरलेल्या ओलीवर वाढणारं ते पीक, त्याला पायाखाली पाण्याची टाकी कशाला? वालपापडी हवीच असेल, तर अर्का जय किंवा अर्का विजय या जाती बघा. जुन्या वेलांसारखी त्यांना फुलायला दिवस लहान होण्याची वाट बघावी लागत नाही. सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावचा वाघ्या घेवडा मला फार आवडतो, भौगोलिक मानांकन मिळालेला आहे तो. पण वाळलेले दाणे बादलीतून मिळून मिळणार किती? तो शेतकऱ्याकडूनच विकत घ्यावा.

बी रंगीत औषध न लावलेलं घ्या. कोकोपीटमध्ये ते गाठींतले जिवाणू नसतात, म्हणून कृषी सेवा केंद्रातून घेवड्यासाठीचं रायझोबियम संवर्धक, म्हणजे त्या जिवाणूंचं तयार मिश्रण, आणा. गुळाच्या थंड पाण्यात ते कालवून बियांना हलक्या हातानं चोळा, बी सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. बी रात्रभर भिजत घालू नका, ते तडकतं. बादलीत चार ठिकाणी, इंचभर खोल, दोन-दोन बिया टाका आणि उगवल्यावर प्रत्येक ठिकाणी एकच जोमदार रोप ठेवा. पहिले दोन आठवडे पाणी वरूनच द्या, कारण मुळं अजून खाली पोचलेली नसतात. त्यानंतर पाइपमधून. वरचा थर कोरडा दिसला तरी घाबरू नका, बोट दोन इंच आत घालून बघा.

पाइपच्या तोंडावर आणि त्या बाजूच्या भोकावर बारीक जाळी बांधायलाच हवी. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. बोअरचं जड पाणी असेल, तर महिन्यातून एकदा वरून भरपूर पाणी ओतून साठलेले क्षार धुऊन काढा. पानांच्या खालच्या बाजूला मावा ही बारीक कीड दिसली, तर साबणाचं पातळ पाणी फवारा.

दसऱ्याला पेरलेला घेवडा मार्गशीर्ष लागता लागता तोडणीला येतो. दाणे फुगायच्या आत, दर दोन-तीन दिवसांनी शेंगा तोडा. शेंगा झाडावर जून झाल्या की नवी फुलं येणं थांबतं. जिवाणूंचं काम तपासायचं असेल, तर फुलोऱ्याच्या सुमारास एक झाड हळूच उपटा आणि मुळावरची गाठ नखानं चिरून बघा. आतून गुलाबी निघाली तर जिवाणूंनी काम केलंय. पांढरी किंवा हिरवट असेल तर पुढच्या वेळी संवर्धक ताजं आणा.

आणि एका चांगल्या झाडाच्या शेंगा बियाण्यासाठी राखून ठेवा. घेवड्यात परागीकरण फुलातल्या फुलातच होतं, त्यामुळे बी सहसा भेसळत नाही. शेंगा झाडावरच खुळखुळ वाजेपर्यंत वाळू द्या, मग दाणे काढून कोरड्या बरणीत राखेत घालून ठेवा. नमस्कार.