कडीचा आवाज

श्रोतेहो, नमस्कार.

मला दिलेला विषय आहे 'व्यसन आणि कुटुंब: उपचारात नातेवाइकांचा सहभाग'. मथळा भारदस्त आहे. मी एका व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशनाचं काम करते, २२ वर्षं झाली, आणि तिथं आम्ही याला साधं 'घरच्यांचा वार' म्हणतो. आठवड्यातला एक दिवस पेशंटच्या घरच्यांनी यायचं. बायको, आई, वडील, भाऊ, शाळेत जाणारी पोरं. येतात किती जण? पहिल्या वाराला निम्मी घरंसुद्धा नाहीत. बाकीच्यांचा फोन येतो, "मॅडम, पितो तो. आम्ही कशाला यायचं?"

प्रश्न चुकीचा नाही. पण उत्तर द्यायला मला एक गोष्ट सांगावी लागते. ही गोष्ट मी जाईन तिथं सांगते. आमच्या केंद्रातल्या मुली हसतात, "मॅडम आल्या कडीवर" म्हणतात. हसू देत. त्या घराला विचारून सांगते आहे आणि ओळखीच्या खुणा बदलल्यात.

यंत्रमागाचं गाव. तिथला एक जॉबर. ज्यांचा मागाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते, कापड विणतो तो कामगार, आणि माग बिघडला की दुरुस्त करतो तो जॉबर. चांगला जॉबर आवाजावर बिघाड ओळखतो. शेडमध्ये पन्नासेक माग एकदम खटखटत असतात, आपलं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही, आणि हा माणूस दारात उभा राहून म्हणायचा, "तिसऱ्या रांगेतला कडेचा बघा. धोटा नीट बसंना झालाय." आणि तसंच निघायचं. (धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन मागात इकडून तिकडं धावतो तो.) त्याची किंमत म्हणाल तर कान अर्धे गेलेले. स्वतः मोठ्यानं बोलायचा, आणि आपण हळू बोललं की नुसती मान हलवायचा.

दारू आधी सुटी झाल्यावर होती. मग जेवणाच्या सुट्टीत आली. मग सकाळी, कामावर जायच्या आधी. हात थरथरायला लागले, तुटलेल्या धाग्याला गाठ मारता येईना, तेव्हा कारखान्याच्या मालकानंच त्याला मोटारसायकलवर मागं बसवून आमच्याकडं आणून सोडलं.

घरच्यांच्या वाराला बायको आली, सासू आली आणि सातवीतली मुलगी आली. मुलीला आणणार नव्हते, पण शाळेला सुट्टी होती आणि घरी सोबत कोणी नव्हतं. मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. ते संध्याकाळी घरी येतात तेव्हा तुम्ही काय करत असता?

बायको म्हणाली, भाकरी थापत असते. सासू म्हणाली, जप करते. मुलगी म्हणाली, "मी कडी ऐकते."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. कडी?

त्यांच्या अंगणाला पत्र्याचं फाटक आहे. कडी आतल्या बाजूला. बाहेरून आलेल्या माणसानं फटीतून हात घालून ती काढायची. मुलगी सांगायला लागली, एखादं गणित समजावून सांगावं तसं. "एकदाच खट् झालं तर पप्पा बरे असतात. खट्, परत खट्, मग खर्र झालं, की हात चुकतोय. मग मी पुस्तकं उचलून आज्जीच्या खोलीत जाते. आणि कडी वाजलीच नाही, डायरेक्ट धाडकन् झालं, तर मागल्या दारानं शेजारच्या काकूंकडं."

तिची आई तिच्याकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मी पण कुकरचा गॅस बारीक करते. शिट्टी झाली तर कडी ऐकू येणार नाही म्हणून." आणि आजी? आजीनं पदर तोंडाला लावला. "माझी माळ थांबती बाई तेवढा येळ," म्हणाली.

ऐकलंत ना? एका घरातली तीन माणसं, रोज संध्याकाळी, एकाच कडीकडं कान लावून. आणि एकमेकींना कधी बोलल्या नव्हत्या. तिघींना वाटायचं, आपण एकटीच ऐकतोय.

कडी वाजल्यावर पुढं काय व्हायचं, तेही बाहेर आलं. बायको सकाळी मालकाला फोन करायची, "ह्यांचं पोट बिघडलंय." आजी आपल्या पेन्शनीतली शंभराची नोट मुलाच्या उशीखाली सरकवायची, का तर सकाळी लेकराचा हात थरथरतो, बघवत नाही. आणि मुलगी दारात आलेल्या उधारीवाल्याला सांगायची, "पप्पा घरात नाहीत." पप्पा आत झोपलेले. सगळ्या जणी प्रेमानंच करत होत्या हो. पण प्यायचा तो एकटा, आणि दारूचं वेळापत्रक सांभाळत होतं अख्खं घर.

(इथं थोडं बाजूला जाते. हल्ली नव्या फ्लॅटना त्या चिमण्यांच्या आवाजाच्या बेल असतात, नाहीतर आरतीच्या. कोणीही दाबलं तरी चिमणीच ओरडणार. मला अजिबात आवडत नाहीत. माणसाची चाहूल म्हणून काही असते की नाही? पण असो.)

तर, जॉबर महिनाभर राहून घरी गेला. प्यायला नाही. महिना गेला, दोन गेले, तीन गेले. आणि एके दिवशी तावातावानं केंद्रात आला, बायकोला घेऊन. "मॅडम, नव्वद दिवस झालं, थेंब घेतला नाही. पण मी फाटकात आलो की कार्टी पुस्तकं गोळा करती! आई माळ खाली ठेवती! मग सोडली कशाला?"

झालं होतं काय, पावसाळा लागला होता. कडी गंजली होती. चांगला शुद्धीत असलेला माणूससुद्धा तिला दोनदा झटका देणार, आणि ती खट्-खट्-खर्र वाजणार. आणि ज्याला तिसऱ्या रांगेतला धोटा ऐकू येत होता, त्याला स्वतःच्या फाटकाची कडी कधी ऐकूच आली नव्हती.

बायको गप्प बसली होती. ती म्हणाली, "तुमचे नव्वद दिवस झाले. आमचा अजून पहिला दिवस उजाडायचाय."

श्रोतेहो, हे वाक्य मी पुन्हा म्हणते. तुमचे नव्वद दिवस झाले, आमचा अजून पहिला दिवस उजाडायचाय.

आता माझा शहाणपणा ऐका. मी म्हटलं, अहो, कडीला तेल घाला! एवढे जॉबर तुम्ही. त्याला पटलं. त्यानं कडी काढली, कानशीनं घासली, मशीनचं तेल सोडलं, अशी बसवली की लोण्यातून सुरी. आवाज नाही. मी माझ्यावर खूश.

पुढच्या आठवड्यात बायकोचा फोन. पोरगी अभ्यासाला बसतच नाही. संध्याकाळ झाली की खिडकीत उभी राहते, फाटकाकडं बघत. रात्री दचकून उठते. का? तर म्हणाली, "आता काही कळतच नाही."

बघा. भीतीदायक का असेना, तो आवाज तिची खूण होती. मी तीच काढून घेतली. आणि काढताना तिला विचारलंसुद्धा नाही. जॉबरला विचारलं, बायकोला विचारलं, मुलीला नाही. 'कुटुंबाचा सहभाग' म्हणून फळ्यावर लिहिणारी मी!

मग तिला बोलावलं. तुला काय हवं? तिनं जराही वेळ घेतला नाही. "पप्पांनी बोळाच्या तोंडापासून मला हाक मारावी. हाकेवरनं कळतं."

तेव्हापासून तो रोज कामावरून येताना बोळाच्या कोपऱ्यावर थांबून मुलीच्या नावानं हाक मारायला लागला. आणि ती आतून "ओ" द्यायची. शेजारीपाजारी हसले पहिले काही दिवस. आवाज मोठा, हळू बोलायची सवयच नाही. मग त्यांनाही सवय झाली. मला सांगत होते, त्या हाकेवर आता बोळातल्या बायका चहा टाकतात.

गोष्ट अजून थोडी उरलीय, पण निर्मातीबाई काचेतून घड्याळ दाखवतायत, तेव्हा कामाचं आधी बोलून घेते.

घरच्यांना उपचारात घ्यायचं ही काही माझी कल्पना नव्हे. अमेरिकेत अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस १९३५ साली सुरू झालं. दारू सोडू पाहणाऱ्यांचा तो मदतगट. त्याच्या दोन संस्थापकांपैकी एक बिल विल्सन. त्याची बायको लोइस कित्येक वर्षं त्याची दारू सुटावी म्हणून झटली. आणि ती सुटल्यावर, हो, सुटल्यावर, तो रोज मीटिंगला निघाला म्हणून तिनं चिडून त्याच्या दिशेनं बूट भिरकावला. तिचं तिलाच नवल वाटलं. नवरा सुधारला, मग मला एवढा राग कशाचा? त्या प्रश्नातून घरच्यांचे गट जमत गेले आणि १९५१ मध्ये अल-अ‍ॅनॉन उभं राहिलं. आपल्याकडं पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी त्याला हात दिला. तिथं पेशंटच्या बायकांचा 'सहचरी' गट असतो. अल-अ‍ॅनॉनच्या बैठकीत एक गोष्ट पहिल्या दिवशी सांगतात: हे व्यसन तुमच्यामुळं लागलेलं नाही, तुम्ही ते ताब्यात ठेवू शकत नाही, आणि तुम्ही ते बरं करू शकत नाही. बायका हे ऐकून रडतात. 'तुझ्यामुळंच पितो' हे त्यांनी सासरी इतकी वर्षं ऐकलेलं असतं.

आणि ते दुसरं वाक्य, 'लग्न करून द्या, आपोआप सुधारेल'. कृपा करा. ते वाक्य ज्यांच्या तोंडी आहे त्यांनी आपली मुलगी द्यावी आधी, मग बोलावं. एवढं बोलून हा मुद्दा सोडते, नाहीतर दहा मिनिटं यातच जातील.

२०१९ साली केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सनं केलेल्या पाहणीचा अहवाल आला. देशात साधारण १६ कोटी माणसं दारू घेतात आणि पावणेसहा कोटींच्या आसपास लोकांचं पिणं त्रासाचं झालेलं आहे. आता प्रत्येकामागं घरात किती कान कडीला लागलेत, ते तुमचं तुम्ही मोजा.

तीन गोष्टी, आणि त्या दोनदा सांगणार आहे.

पहिली, खोटं झाकू नका. मालकाला पोट बिघडल्याचा फोन नाही, उशीखाली नोट नाही, उधारी फेडणं नाही. जेवायला घाला, आजारपण करा, पण दारूचं बिल तुम्ही भरू नका.

दुसरी, रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरात कोंडून, एकदम बंद करू नका. पहिल्या दिवशी थरथर, घाम. मग फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास, भ्रम, आणि त्यात जीवही जातो. बंद करायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

तिसरी, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. एस.टी. स्टँडच्या भिंतीवर लिहिलेलं असतं ना, 'पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा'? त्याच्या नादी लागू नका. काही घरी डायसल्फिरॅमची, म्हणजे वर दारू घेतली की त्रास व्हावा अशी, गोळी कुटून आमटीत घालतात. त्या माणसाला माहीत नाही, तो वर दारू पितो. चेहरा लालबुंद, छातीत धडधड, उलट्या, रक्तदाब खाली. जिवावर बेततं. हे औषध आम्हीही देतो, पण पेशंटला सांगून, तपासून, त्याच्या संमतीनं, आणि घरच्यांच्या हातून. बायको रोज सकाळी गोळी देते, तो तिच्यासमोर घेतो. चोरून नाही.

पुन्हा सांगते. खोटं झाकू नका. घरात एकदम बंद करू नका. नकळत औषध घालू नका. आणि माणूस यायला तयार नसेल तर तुम्ही या. तो येईपर्यंत थांबू नका. सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, १४४४६. एक चार चार चार सहा. घरच्यांनी फोन केला तरी चालतो.

आता उरलेली गोष्ट. सातव्या महिन्यात जॉबरची स्लिप झाली, म्हणजे पाय घसरला, पुन्हा प्यायला. पाहुण्यांच्या गावची यात्रा, मटणाचं जेवण, चुलतभाऊ. होतं असं. रात्री साडेनऊला तो बोळाच्या कोपऱ्यावर आला आणि हाक मारली. मुलीनं "ओ" दिली नाही. हाकेवरनं कळलं होतं. थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग तो तिथूनच म्हणाला, हळू बोलता येत नाही त्यामुळं सगळ्या बोळानं ऐकलं, "आज मी घेतलीय गं. मी कारखान्यात झोपतो." आणि परत फिरला. कडीला हात लावला नाही.

सकाळी बायकोनं मालकाला फोन केला, "काल ह्यांनी घेतली. आज कामावर येणार नाहीत, केंद्रात घेऊन चाललेय." आजीनं शंभराची नोट काढली ती सुनेच्या हातात दिली, एस.टी.च्या तिकिटाला.

मी मुलीला नंतर विचारलं, त्या रात्री तू काय केलंस? शेजारी गेलीस?

"नाही," म्हणाली. "चार गणितं राहिली होती."

नमस्कार.