सिंथिया लेनन यांच्या आठवणी आणि त्यांचे वाचक

२३ ऑगस्ट १९६२ रोजी लिव्हरपूलच्या विवाह नोंदणी कार्यालयात ‘बीटल्स’ या इंग्लिश बँडचे गायक जॉन लेनन आणि सिंथिया पॉवेल यांचे लग्न झाले आणि ते चाहत्यांपासून लपवून ठेवण्यात आले. बीटल्सचे व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन यांना भीती होती, की गायक विवाहित आहे हे कळले तर तरुण मुली त्याच्याकडे पाठ फिरवतील. पुढच्या एप्रिलमध्ये मुलगा ज्युलियन जन्मला, तेव्हाही ही गुप्तता पाळली जात होती. सिंथिया यांचा संसारच असा गप्प राहण्याच्या अटीवर सुरू झाला. त्यांच्या आठवणींवर वाचक जी मते देतात, ती ऐकताना ही अट ध्यानात ठेवायला हवी.

सिंथिया यांनी जॉन यांच्याविषयी दोन पुस्तके लिहिली. पहिले १९७८ साली, जॉन हयात असताना आले, तर दुसरे २००५ साली, त्यांच्या हत्येला पंचवीस वर्षे होत आली असताना. १९७८ मध्येच, सिंथिया यांनी सांगितलेल्या वैवाहिक आयुष्याच्या हकिकती वृत्तपत्रात छापल्या जाऊ नयेत, म्हणून जॉन यांनी इंग्लंडच्या न्यायालयात दाद मागितली. दोघांनीही आपल्या नात्याविषयी आधीच जाहीरपणे इतके सांगितले होते, की ते आता त्यांच्यापुरते खासगी उरलेले नाही, असे न्यायाधीश लॉर्ड डेनिंग यांनी म्हटले आणि मनाई नाकारली गेली. वाचकांमधला वाद मात्र आजही मिटलेला नाही.

काही वाचकांच्या मते गाणी पुरेशी आहेत आणि घरातल्या गोष्टी घरातच राहायला हव्या होत्या. ही भावना आम्ही समजू शकतो. पण ते घर सिंथिया यांचेही होते आणि नवऱ्याला वगळून त्यांना स्वतःच्या तारुण्याची गोष्ट सांगताच आली नसती. दुसरा आक्षेप अधिक कठोर आहे. सोडून दिलेल्या बायकोने उगवलेला हा सूड आहे, असे काहींना वाटते. त्यांनी सिंथिया यांच्या आठवणींमधला कला महाविद्यालयातला प्रसंग पुन्हा वाचावा. मत्सरापोटी जॉन यांनी आपल्याला मारले, म्हणून आपण नाते तोडले, काही महिन्यांनी त्यांनी क्षमा मागितली आणि त्यानंतर पुन्हा कधी हात उचलला नाही, असे त्या सांगतात. सूड घ्यायचा असता, तर यातला अखेरचा भाग त्यांनी सांगितलाच नसता. शिवाय १९८० मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी दिलेल्या एका मुलाखतीत, आपण पूर्वी स्त्रियांशी क्रूरपणे वागत असू आणि त्यांच्यावर हात टाकत असू, अशी कबुली खुद्द जॉन यांनीच दिली होती.

स्मरणशक्तीविषयीची शंका मात्र रास्त आहे. चाळीस वर्षांपूर्वीचे संवाद शब्दशः आठवणे कठीण असते, आणि २००५ च्या पुस्तकाला उत्तर द्यायला जॉन उरलेले नव्हते. १९६८ च्या मे महिन्यात ग्रीसहून परतल्यावर आपल्याच घरात योको ओनो, म्हणजे जॉन यांच्या पुढे दुसऱ्या पत्नी झालेल्या कलाकार, दिसल्या, हा प्रसंग आपण सिंथिया यांच्याच नजरेतून पाहतो, याचे भान वाचकाने ठेवावे.

वाचक सर्वांत अस्वस्थ होतात ते ज्युलियनच्या बाबतीत. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात बीटल्समधले जॉन यांचे सहकारी पॉल मॅकार्टनी या मायलेकांना भेटायला निघाले होते आणि त्या मुलाला धीर देण्यासाठी सुचलेल्या ओळींतून ‘हे ज्यूड’ हे गाणे तयार झाले. जगाला शांततेचे आवाहन करणारा जॉनसारखा माणूस स्वतःच्या मुलाला वर्षानुवर्षे भेटत नाही, ही विसंगती अनेकांना पचत नाही. दुसऱ्या पुस्तकाची प्रस्तावना ज्युलियन यांनीच लिहिली आहे, त्यामुळे ही तक्रार केवळ आईची राहत नाही.

त्या पुस्तकाच्या अखेरीस सिंथिया म्हणतात, की जॉनच्या प्रेमात पडण्याचा शेवट कुठे होणार हे तेव्हाच ठाऊक असते, तर आपण तिथूनच मागे फिरलो असतो. हे विधान अनेक जण कडवटपणाचा पुरावा म्हणून पुढे करतात. परंतु आपले जॉनवरचे प्रेम कधीच थांबले नाही, त्याची किंमत मात्र फार मोठी पडली आणि मुलगा झाल्याचा पश्चात्ताप आपल्याला कधीच होणार नाही, हेही त्यांनी तिथेच लिहिले आहे. ते वगळून तेवढे एकच विधान उद्धृत करणे सिंथिया यांच्यावर अन्याय करणारे आहे.