जबड्यातली पिवळी पट्टी

ट्रेमध्ये हे जे पिवळंधम्मक दिसतंय ना, ही साधी पट्टी नाही. वॉर्डात याला बिप म्हणतात. बिस्मथ या धातूचा क्षार, त्याच्या दुप्पट आयोडोफॉर्म हे जंतुनाशक आणि पॅराफिन, तिन्ही एकत्र घोटून केलेली पेस्ट. वास इतका उग्र की दारातूनच कळतं आत ड्रेसिंग चालू आहे. सिस्टरांचा हात बघा, लांबलचक गॉजच्या पट्टीला पेस्ट फासायची, जास्तीची निपटून काढायची, मग डॉक्टर चिमट्यानं ती पोकळीत घडीवर घडी बसवत जातात, मागून पुढे, कुठे फट राहू द्यायची नाही.

पोकळी कसली, तर वरच्या जबड्याची. हा पन्नीत घोटलेला खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, विदर्भात कुठल्याही पानठेल्यावर मिळतो, तोंडाचा कॅन्सर त्याच्या मागोमाग येतो, मग जबडा कापून काढला की तिथे पोकळी उरते. 2021 मध्ये कोरोनानंतर म्युकर हा बुरशीचा आजार आला तेव्हाही नागपुरात कितीतरी जणांचे जबडे काढावे लागले.

ही पेस्ट रदरफोर्ड मॉरिसन नावाच्या इंग्लंडमधल्या सर्जननं पहिल्या महायुद्धात, 1916 च्या सुमारास आणली. सैनिकांच्या चिखलानं माखलेल्या जखमा, रोज पट्टी बदलायला माणसं कुठून आणणार, म्हणून जखम साफ करून ही भरायची आणि काही दिवस हातच लावायचा नाही. आपल्याकडे ती टिकली त्याचंही कारण तेच, गावाहून रोज एसटीनं ड्रेसिंगला येणं कोणाला परवडतं?

पण जितके दिवस पट्टी आत, तितके दिवस औषध उघड्या मांसातून रक्तात झिरपत राहतं आणि कधीकधी मेंदूपर्यंत जातं. दर पेशंटला होत नाही हे, पण म्हातारं माणूस, किडनी कमजोर, पट्टी मोठी, तर धोका जास्त. अशाच एका पेशंटच्या घरात सून सांगते, "मामाजीले रातभर झोप नाही, भिंतीवर मुंग्या चालून राह्यल्या म्हनत, चहाचा कप धरला का हात झटके मारे, आम्ही तं बाहेरचं झालं म्हनून लिंबू बी उतरवला."

कोणी म्हणालं लकवा, कोणी म्हणालं दारू सुटली त्याचं. तोंडातल्या पट्टीकडे कोणाचं लक्षच नाही. शेवटी पट्टी काढली, काही आठवड्यांत माणूस ठिकाणावर आला. सगळे येतातच असं नाही, क्वचित जीवही जातो.

आता हे डिस्चार्ज कार्ड बघा. ऑपरेशनचं नाव आहे, गोळ्या आहेत, पॅकिंगपुढे, म्हणजे पट्टी भरण्यापुढे, फक्त "केले". पट्टीत कुठलं औषध, किती लांब, कोणत्या तारखेला काढायची, हे तिथंच मराठीत लिहायला किती वेळ लागतो? आणि घरच्यांनो, माणूस बरळायला लागला, हात उडायला लागले, तर पट्टी घरी ओढून काढू नका, रक्त सुटेल, कार्ड घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि आधी सांगा, आत पिवळी पट्टी आहे.