बेसीची थाप

नमस्कार मंडळी,

स्वीडिश सिनेमा म्हटलं की आपल्याला दिग्दर्शक इंगमार बर्गमन आठवतो, पाठोपाठ गंभीर चेहरे आणि मृत्यूच्या गप्पा. म्हणून आज मुद्दाम एका विनोदी मूकपटाबद्दल बोलणार आहे: 'थॉमस ग्रालचा सर्वोत्तम चित्रपट'. साल १९१७, दिग्दर्शक मॉरिट्झ स्टिलर. जन्म हेलसिंकीचा, कारकीर्द मात्र इथे स्वीडनमध्ये घडली.

ग्राल हा पटकथालेखक. कंपनीला कथा हवी आहे, याला काही सुचत नाही. त्याच्याकडे लेखनिक म्हणून आलेली बेसी आपली करुण कहाणी सांगते: घरी अठराविश्वे दारिद्र्य, जाच, हाल. ते सगळं आपल्याला पडद्यावर दिसतं. आणि मग दिसतं तिचं खरं घर, चांगलं गडगंज! ग्रालला याचा पत्ताच नाही. तो त्या थापेवरच पटकथा रचत बसतो.

स्टिलरची हातोटी इथे आहे. धावपळ नाही, आपटाआपटी नाही. मुलगी सांगते ते एक दृश्य, असतं ते दुसरं. दोन्ही शेजारी ठेवून तो बाजूला होतो. हसायचं कुठे, हे प्रेक्षकावर सोडतो. त्या काळात प्रेक्षकावर एवढा विश्वास टाकणं मला फार मोठं वाटतं.

नटांकडूनही त्याने हेच करून घेतलं. ग्राल झालेला व्हिक्टर श्योस्ट्रोम स्वतः थोर दिग्दर्शक. त्याच वर्षी आलेल्या 'तेरये विगेन'मध्ये तो समुद्राशी झुंजणारा, सूडाने पेटलेला दर्यावर्दी होता. तोच माणूस इथे प्रेमात पडून बावचळतो, तेही अगदी मनापासून. म्हणून तर हसू येतं. आणि बेसी झालेली करिन मोलांडर! हट्टी, चपळ, कुणाच्या धाकात न राहणारी. शंभर वर्षांपूर्वीची नायिका आहे, असं वाटतच नाही.

१९२० च्या 'एरोटिकॉन'मध्ये स्टिलरने हीच रीत श्रीमंतांच्या दिवाणखान्यात नेली. कीटकशास्त्राचे प्राध्यापक भुंगेऱ्यांच्या प्रेमजीवनात बुडालेले, स्वतःच्या घरात काय चाललंय याकडे मात्र लक्ष नाही. विनोदी चित्रपटांसाठी गाजलेला दिग्दर्शक अर्न्स्ट लुबिच याच्या विनोदाशी या चित्रपटाचं नातं अभ्यासक आवर्जून सांगतात.

पुढे स्टिलर अभिनेत्री ग्रेटा गार्बोला घेऊन हॉलिवूडला गेला, तिथे त्याचं जमलं नाही, आणि १९२८ मध्ये स्टॉकहोमला त्याचं निधन झालं. त्याचे सुरुवातीचे बरेच चित्रपट आज उपलब्ध नाहीत. ग्राल मात्र शिल्लक आहे. मंडळाच्या पुढच्या चित्रपट-संध्याकाळी आपण तो लावावा, अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे. मुलांनाही आणा, दृश्यांमधल्या मजकुराच्या पाट्या मी मराठीत वाचून दाखवीन.